मयताची नक्कल

सियामुंडेने मयताची टोपी डोक्यावर चढवली, काठी उचलली आणि वाकून चालू लागला. अंगणातले ढोल थांबले. चेलो रडता रडता हसली. हुबेहूब तिचा बाप.

सियामुंडे खडकाळ रानातल्या गावचा, चेलोच्या कुळाशी थट्टेचं नातं असलेल्या कुळातला. मयताची टिंगल करणं हा त्याचा हक्कच. त्यावर कुणी रागवायचं नाही, घरच्यांनी तर नाहीच. त्याच्या नकलेतला म्हातारा गुरं हाकत होता, बायकोला भीत होता, तिची नजर चुकवून ज्वारीची बिअर ढोसत होता.

“अरे, खोकला विसरलास!” कुणीतरी ओरडलं.

“बिअर संपू दे, मग खोकतो!”

बापाला असं उभं पाहून चेलोला बळ आलं. झांबेझी नदीवर नवं धरण बांधायचं दोन्ही काठांच्या देशांनी ठरवलं होतं. सोमवारी त्यांचे अधिकारी संमती मागायला येणार होते आणि गावाने बोलायला तिला निवडलं होतं. ती धरणाला नाही म्हणणार होती. पहिल्या धरणाच्या वेळी तिच्या बापाने अंगठा दिला नव्हता. शिपायांनी बंदुका रोखून त्याला लॉरीत चढवलं होतं. हे ऐकतच ती वाढली.

सियामुंडे आता म्हाताऱ्याच्याच ऐटीत, पहिल्या धरणाच्या साहेबांसमोर असल्यासारखा खुर्चीवर बसला. एकदा डावीकडे झुकला, एकदा उजवीकडे.

“या काठाचे साहेब, त्या काठाचे साहेब, कशाला काळजी करता? खालच्या गावचाही अंगठा मीच देतो. त्यांना टाका खडकाळ रानात. आम्हाला ओढ्याकाठची काळी जमीन. बोला, अंगठा कुठे उठवू?”

त्याने अंगठा राखेत बुडवला आणि गुडघ्यावर दाबला.

हशा उसळला. चेलोने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यात जास्त म्हातारे हसत होते. त्यांच्यातल्या एकालाही नवल वाटलेलं नव्हतं.

“काका, हे खोटंय.”

सियामुंडेने टोपी काढली. “त्या रानात माझा जन्म झाला, पोरी,” तो स्वतःच्या आवाजात म्हणाला.

शेजारी बसलेल्या बिना माझुबा या म्हातारीने हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि चेलोच्या पाठीवरून हात फिरवला.

“मनाला लावून घेऊ नकोस गं. त्याची लेक म्हणून तर तुझं नाव सुचवलं आम्ही. सोमवारी चांगली जमीन पदरात पाडून घे.”