उरलेली फेरी

"पहाटेच्या बोटीत ओकत ओकत सुवा शहरात जायचं, आणि स्टेडियममध्ये बघायचं काय? तर आपली पोरगी शेवटून पहिली आली!" सेमीकाका मोठ्याने हसले. त्यांची वहिनी लायसानी उकडलेले कसाव्याचे कंद फडक्यात बांधत राहिली.

उनाइसीने मान खाली घातली. लांब पल्ल्याच्या शर्यतीतून नाव काढून घ्यावं, असं तिच्या केव्हाचं मनात होतं.

"काका बरोबर बोलतायत, आई. तू नको येऊस. बाकीच्या मुली पोहोचतात, तेव्हा माझी अख्खी फेरी उरलेली असते. लोक हसतात गं."

"त्या फेरीला ट्रॅकवर आणखी कोण असतं?"

"कोण असणार? मी एकटीच."

लायसानीने फडक्याची गाठ कचकन आवळली.

"म्हणजे तेवढा वेळ अख्खं स्टेडियम माझ्या एकटीच्या लेकीकडे बघत असतं! भाऊजी, मी तीच फेरी बघायला चाललेय. आणि ज्याला हसायचंय ना, त्याने माझ्या शेजारी बसून हसून दाखवावं."