नवी लेस

"अण्णा भरात असते, तर हर्षल दुसऱ्या राउंडला आडवा!" म्हातारे मास्तर म्हणाले.

"छे! या वेगापुढे अण्णांचं काय चालणार?" पोरं ओरडली.

अण्णा चाळीस वर्षांपूर्वीचे हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन आणि हर्षल यंदाचा, त्यांचाच मुलगा. जिमखान्यात हा वाद रोज रंगायचा. आज मात्र अण्णांचं डोकं सणकलं. "नुसती तोंडाची वाफ कशाला दवडता? आणा माझे जुने ग्लोव्ह्ज!"

एका पोरानं ग्लोव्ह्ज आणून दिले. धाकट्यानं थोरल्याचे ग्लोव्ह्ज बांधायचे, हा तिथला रिवाज. हर्षल बांधायला बसला. ग्लोव्ह्जच्या आत अण्णांची बोटं आखडली होती, मूठच वळेना. पोराच्या हाताला ते कळलंय, हे अण्णांनी ओळखलं.

गाठ आवळायला हर्षलनं लेस दातांत धरली. ती तुटली.

"कुजलीय, अण्णा. आज वाचलो मी!"

पोरं हसली. अण्णा तुकड्याकडे बघत राहिले. लेस त्यांनी सकाळीच नवी ओवली होती.