स्टील की ॲल्युमिनियम

“उचलून बघा की काका,” म्हणत अल्तमशनं दोन्ही प्लेटा तिप्पण्णांच्या पुढ्यात ठेवल्या.

तिप्पण्णांनी आधी एक उचलली, मग दुसरी. ज्वारीच्या अडतीत सारा जन्म गेलेला माणूस. हातात आलेलं वजन त्यांना काट्यावर टाकावं लागत नसे. स्टीलची प्लेट ॲल्युमिनियमच्या तिप्पट तरी भरत होती. दिसायला मात्र दोघी जुळ्या बहिणी.

“हा पत्रा पाठीवर बांधून पाण्यात जायचं?”

“पत्रा न्हाय अप्पा, बॅकप्लेट,” श्रीदेवी हसली. “ही पाठीला. हिच्यावर ही विंग, म्हणजे हवेची पिशवी. तिच्यावर सिलिंडर. पिशवीत हवा भरली की वर, सोडली की खाली.”

श्रीदेवी त्यांची एकुलती एक लेक. चार वर्षं ती अंदमानात लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप वर आणायचं काम करत होती. सोलापूरच्या पोरीला पाण्याचं एवढं वेड कुठून लागलं, हे नातेवाइकांनी विचारून विचारून सोडून दिलं होतं. पावसाळ्यात ती घरी येई. उरलेलं वर्ष घर गप्प असे. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. शहरातल्याच एका ठेकेदाराला धरणांचे दरवाजे पाण्याखालून तपासायला माणूस हवा होता आणि त्यानं तिला बोलावणं धाडलं होतं. “विचार करून सांगते,” एवढंच ती म्हणाली होती.

राहणार की जाणार? तिप्पण्णांच्या जिभेवर प्रश्न रोज येई आणि तसाच परत जाई. “पोरीला भंडावू नका, ती आपणहून सांगंल,” अशी तंबी चंद्रव्वांनी दिली होती, आणि त्या घरात नवऱ्यापेक्षा बायकोचंच चालायचं.

आज लेक स्वतःचा डायव्हिंगचा संच घ्यायला निघाली तेव्हा ते बळंच गाडीत बसले. अल्तमश तिचा कॉलेजातला मित्र. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. ओळखीचे डायव्हर त्याच्याकडून प्लेटा कापून घेत, विंगाही तोच मागवून देई.

“कुठली घ्यावी माणसानं?” तिप्पण्णांनी सहज विचारल्यासारखं केलं.

“माणसावर हाय काका. ॲल्युमिनियमची फिरत्या माणसाची. आज हितं, उद्या तितं, विमानानं सारखी ने-आण करायची तर हलकीच बरी. स्टीलची एका जागी राहून काम करणाऱ्याची. तिच्या वजनानंच माणूस नीट खाली जातो, कंबरेला शिसं कमी बांधावं लागतं. पाण्यात तिला तोड न्हाय. पण घडीघडी विमानात टाकायची चीज न्हवं ती.”

तिप्पण्णांनी कान टवकारले. प्रश्न विचारायला बंदी होती. उत्तर बघायला कुठं होती? पोरगी कोणती प्लेट पसंत करते एवढं पाहिलं की झालं.

श्रीदेवीनं आधी ॲल्युमिनियमची बांधली. पट्टे ओढले, हात मागं टाकून मानेखालची कड बोटांना लागते का पाहिलं.

“छान बसलीय,” ती म्हणाली.

तिप्पण्णांनी लगबगीनं स्टीलची पुढं सरकवली.

मग तिनं स्टीलची बांधली. खांद्यावरच्या पट्ट्याखाली हात घालून पाहिला, वाकली, सरळ झाली. नंतर बापाकडं बघत राहिली.

“अप्पा, तुमाला काय वाटतं?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“तरीबी सांगा की. तुमी सांगाल ती घेते.”

बोलता बोलता ती पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिप्पण्णांना वाटलं, पोरगी अगदी आपल्यावर गेलीय. मनातलं ओठांवर आणायचं म्हटलं की हिलाही घाम फुटतो. आपणच वाट मोकळी करून द्यावी.

“स्टीलची घे,” ते म्हणाले. “एका जागी राहून काम करायचं, मग हलकी कशाला पाहिजे?”

“खरंच? अप्पा, तुमाला कळलंय ना, मी काय विचारतीया ते?”

“समदं कळलंय. बाप हाय मी तुजा.”

श्रीदेवी पाठीवरच्या प्लेटेसकट येऊन त्यांच्या गळ्यात पडली. डोळे भरले होते आणि हसतही होती. तिप्पण्णांनाही भरून आलं. अल्तमश उगाचच नटबोल्टच्या डब्यात काहीतरी शोधू लागला.

विंग निवडायला मग फार वेळ लागला नाही. एका सिलिंडरला पुरेल एवढी, मध्यम, काळी. तिप्पण्णांना लाल आवडली होती, पण आज ते कशालाही हो म्हणाले असते. पोरगी पट्टे ओवून घेत होती तेवढ्यात ते बाहेर जाऊन रंगाऱ्याला फोन करून आले. माडीवरची खोली उद्याच रंगवायला घे म्हणाले. रंग कुठला ते पोरगी सांगेल.

वाटेत त्यांनी गाडी थांबवून गरम जिलेबी घेतली. प्लेट घरापर्यंत स्वतःच्याच मांडीवर ठेवली. गुडघे अवघडले, पण ते वजन त्यांना हवंहवंसं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी ते गुणगुणत होते आणि लेक गाडी चालवता चालवता त्यांच्याकडं मायेनं बघत होती.

चंद्रव्वांनी दारातच प्लेट हातात घेतली आणि दचकून दुसरा हात लावला.

“आगं बया, केवढी जड! ही विमानात कशी न्यायची गं?”

तिप्पण्णा मिशीत हसले. आता पोरीच्या तोंडून ऐकायचं म्हणून जिलेबीचा पुडा सोडून तयारीत उभे राहिले.

“एकदाच तर न्यायची अव्वा, ट्रान्सपोर्टनं पाठवते,” श्रीदेवी म्हणाली आणि बापाच्या हातातल्या पुड्यातला तुकडा उचलून तिनं आईला भरवला. “अंदमानात कायमची नोकरी लागलीय मला, घरबी बघून ठेवलंय. तुमाला कसं सांगू म्हणून महिनाभर झोप न्हवती बघ. पण अप्पांनी न सांगताच वळखलं, आन् आपल्या तोंडानं म्हणाले, स्टीलची घे.”