पाचवी रेघ

"नवरे किती झाले?" हा प्रश्न वडील नेहमी जमिनीकडे बघत विचारायचे. ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, म्हणून ते वडील. वयाने स्पेसिनाच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान.

"एकच," स्पेसिना म्हणाली.

मागच्या बाकावर बसलेल्या विधवांमधल्या मात्रोनाने रोखलेला श्वास सोडला. सकाळी विहिरीवर तिनेच हे उत्तर घोटून घेतलं होतं. "एकच म्हण. तो डोंगरातला पहिला दीड वर्षात गेला, त्याला इथे कार्थेजात कोण ओळखतंय? दुसरं लग्न पाप नाही, कबूल. पण दोनदा लग्न झालेली बाई विधवांच्या यादीत चढत नाही, हे ध्यानात ठेव."

यादीत चढलं की रोजची भाकर, प्रार्थनेला पुढचा बाक आणि या सगळ्या बहिणी. नाही चढलं तर जावयाच्या घरी चुलीमागचा कोपरा. दोरखंडवाला रोगाटुस, तिचा नवरा, गेल्यापासून ती तिथेच होती. जावई संध्याकाळी घरात शिरताना बायकोला विचारायचा, "अजून आहे का?" तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

"साठ पूर्ण?"

"माझ्या गुडघ्यांना विचारा."

बाकावर हसू फुटलं. मंडळीचा सेवक दातिवुस याने मेणपाटीवर तिचं नाव कोरलं होतं, त्यापुढे खूण केली.

"पाहुण्या भावाबहिणींचे पाय धुतलेत?"

"तुमचेही धुतलेत. पहिल्यांदा आलात तेव्हा चिखल घोट्यापर्यंत होता."

वडीलही हसले. आता एकच प्रश्न उरला होता, सगळ्यात सोपा.

"मुलं किती वाढवलीत?"

"पाच."

शब्द निघून गेल्यावर तिला तो ऐकू आला.

दातिवुसने मेणावर चार रेघा ओढल्या होत्या. तो हसला. "चार, मावशी. त्या चौघांत बसून तुमच्या हातचं लहानपणी रोज जेवलोय मी."

"होतं असं या वयात," वडील म्हणाले. "चारच राहू दे."

मात्रोना बाकावरून खाकरली. एकदा, मग पुन्हा. स्पेसिनाला फक्त मान हलवायची होती.

तिने ती हलवली नाही. हात मात्र आपोआप वर आला आणि कोपरात वळला, काहीतरी तोलून धरल्यासारखा. दातिवुसची लेखणी थांबली.

"बिरिक. माझी पहिली," ती म्हणाली. "चाळीस दिवसांची होऊन गेली. वाढवली म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण चाळीस दिवस मी तिला खाली ठेवलं नव्हतं."

वडिलांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

"रोगाटुसची?"

"नाही."

"मग मघाशी एकच म्हणालात."

"नवऱ्याचं खोटं बोलता आलं," स्पेसिना म्हणाली. "हिचं आलं नाही."

"नियम मी केलेला नाही, माय," वडील म्हणाले.

"माहीत आहे. पुसा नाव." ती उठली, गुडघ्यावर हात दाबून, सावकाश. मग दातिवुसजवळ थांबली. "पण आधी ते बरोबर कर बाळा. चार नाहीत."

दातिवुसने वडिलांकडे पाहिलं. वडील पुन्हा जमिनीकडे बघत होते.

त्याने चार रेघांशेजारी पाचवी ओढली. मग लेखणी उलटी धरून, चपट्या टोकाने, तिचं नाव पुसलं. मेण गुळगुळीत झालं.

रेघांपाशी त्याचा हात थांबला. त्या त्याने तशाच ठेवल्या आणि पाटी मिटली.