टाचेवरचा डाग

रामहरीची लूना अंथुर्ण्याच्या महादेवापाशी थांबली, तरी प्रयागबाई खाली उतरेना.

"उतर की काकू. भावकी खोळंबलीय."

"उतरते रं बाबा. पाय आखडल्यात."

पायांचं निमित्त हो! म्हातारीला धीरच होत नव्हता.

तिकडं जळोचीला दारात मांडव पडला होता. उद्या तिच्या सुनेचा, शालनचा पाट लागायचा होता. वरकुट्याचे मोहनराव बिजवर खरे, पण माणूस सालस. प्रयागबाईचा लेक भिमा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तपश्चर्येला म्हणून घर सोडून गेला, त्याला एक तप लोटलं. ना चिठ्ठी, ना निरोप. शालननं सासूचं सगळं केलं, शेत राखलं आणि उमेदीची वर्षं चुलीपुढं घालवली. शेवटी गेल्या साली प्रयागबाईनंच भिमाच्या नावानं दर्भाचा पुतळा जाळला, त्याचं सुतक धरलं आणि पोरीसाठी स्थळ पाहिलं.

आणि आता ऐन हळदीच्या दिवशी ही बातमी! म्हणे गिरनारहून एक मौनी साधू आलाय, दिवसभर आसन मोडत नाही आणि तोंडावळा थेट भिमाचा. भावकी पेटली. नवरा जिता असताना पाट लागतोच कसा?

साधू देवळाच्या ओवरीत बसला होता. अंगाला राख, डोईला जटा, नुसती हाडं उरलेली. डोळे मिटलेले. उजवा पाय वर, डावा मांडीखाली दडपलेला.

"खूण काय ती आधीच सांग काकू, सगळ्यांदेखत," रामहरी म्हणाला. "मागनं वाद नको."

प्रयागबाई बराच वेळ त्या तोंडाकडं बघत राहिली.

"माझ्या भिमाला ल्हानपणी गुऱ्हाळावर भाजलं हुतं," ती मोठ्यानं म्हणाली. "उजव्या टाचंला. रुपायाएवढा डाग हाय. जल्मात जायचा न्हाय."

साधूनं डोळे उघडले. म्हातारीकडं पाहिलं. मग कुणी काही म्हणायच्या आधीच त्यानं उजवा पाय सावकाश पुढं केला.

सगळे वाकले. टाचेला भेगा होत्या, डाग नव्हता.

"न्हाय," प्रयागबाई म्हणाली. "ह्यो माझा न्हाय."

आणि ती मटकन खाली बसली. डोळ्यांना धार लागली. बिचारीनं केवढी आस धरली असेल म्हणून भावकीतल्या बायकाही रडल्या. निघताना तिनं पदराची गाठ सोडली आणि शेंगदाण्याचा लाडू साधूपुढं ठेवला.

"खा बाबा. कुण्या माउलीचा हाईस, कुणास ठाऊक."

साधूनं पाय आत घेतला आणि डोळे मिटले.

दिवस मावळायला मांडवात हळद कालवली गेली. प्रयागबाई आपल्या हातानं शालनच्या गालांना हळद लावू लागली. बायका गाण्यात दंग होत्या. शालन खाली मान घालून हळूच म्हणाली, "आत्याबाई, रामहरी भावजी म्हणत्यात, तुमी उजव्या टाचंची खूण सांगितली."

"व्हय."

"पर त्यांचा डाग तर डाव्या टाचंला हुता."

म्हातारीचा हात थांबला नाही.

"व्हय गं बाई," ती म्हणाली. "त्यालाबी ठावं हाय."