पाय लागला तं?

अमरावतीच्या कापूस बाजारात गाडी रिकामी करून उकंडा बैलांना पाणी पाजत होता, तेवढ्यात साहेबांचा मुनशी त्याला ओढतच मैदानात घेऊन गेला. कापसाच्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी नवा फुटबॉल क्लब काढला होता आणि आज एक गडी कमी पडत होता.

"चेंडू पायानं मारायचा, बस," मुनशी म्हणाला.

"अन् पाय सायबाले लागला तं?"

मुनशीनं त्याला पुढं ढकललं.

गोऱ्याच्या अंगाला हात लावलेला माणूस पुन्हा गावात दिसत नाही, हे उकंडाला ठाऊक होतं. चेंडू आला की तो आपला बाजूला सरायचा. पण एकदा चेंडू नेमका त्याच्याच पायाशी आला, थोरला साहेब अंगावर धावून आला, आणि उकंडानं डोळे मिटून लाथ हाणली. चेंडू जागेवरच राहिला. साहेब नडगी धरून खाली बसला.

उकंडाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं वाकून साहेबाच्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. "चुकलो, मायबाप!"

"हा काय करतो आहे?" साहेबानं मुनशीला विचारलं.

"आमच्यात पाय लागला की असा नमस्कार करतात, साहेब. मग दोष राहत नाही."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही."

साहेब हसत उठला. चेंडू एव्हाना बाकीच्यांनी पार पलीकडे नेला होता, तरी तो लंगडत उकंडाच्या पुढ्यात आला. त्यानं वाकून उकंडाच्या पायाला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि मग लाथ मारायला चार पावलं मागं गेला.