आठ सेकंदांचा विसावा

"आठ सेकंद," गणिताचे मास्तर म्हणाले. "कधी सात, कधी नऊ, पण सरासरी आठच. आता एवढंच सांगा उस्ताद, हे आठ सेकंद तुम्ही नेमके कशासाठी थांबता?"

उस्तादांनी लोखंड कातायचा लेथ बंद केला आणि चिंधीला हात पुसले. शेडच्या दारात, शाळेत गणित शिकवतो एवढीच ओळख दिलेला एक अनोळखी माणूस उभा होता. घामाघूम. हातात वही, वहीत तक्ता, आणि तक्त्यात उस्तादांचे स्वतःचे त्रेचाळीस व्हिडिओ.

उस्ताद व्हिडिओत बोलत नसत. त्यांचं तोंडही दिसत नसे. दिसायचे ते दोन हात, फिरतं लोखंड आणि सुटत जाणारा चकचकीत कीस. दर कटानंतर मात्र ते मशीन बंद करायचे आणि चक्क काहीच करायचे नाहीत. मग पुन्हा चालू. घरोघरी छोटे लेथ मांडून बसलेल्या हौशी मंडळींनी त्याला 'उस्तादांचा विसावा' असं नाव देऊन टाकलं होतं. व्हिडिओखाली वाद रंगायचे. कुणी म्हणे, लोखंडाला दम खाऊ देतात. कुणी म्हणे, मोटरला. एका भाविकाने तर लिहिलं होतं, तेवढ्यात ते देवाचं नाव घेतात.

मास्तर वादात पडले नाहीत. महिनाभर त्यांनी आपल्या शेडमध्ये हुबेहूब तसंच केलं. एक कट, मशीन बंद, आठ सेकंद, पुढचा कट. सगळं वहीत.

"मापात थोडी सुधारणा आहे," ते म्हणाले, "पण वेळ उरला नाही. आज पाच वाजता गॅरेजवाला टेम्पो घेऊन येतोय. माझा लेथ न्यायला."

"का हो? एवढी हौस आहे तर विकता कशाला?"

"महिन्यापूर्वी आमची ही कोठीच्या खोलीत अडकली. कडी घट्ट बसली. पाऊण तास हाका मारत होती. मी शेडमध्ये, लेथ चालू."

"अरेरे. कडी जुनी असेल."

"नवी होती. मीच बनवली होती."

उस्तादांनी मिशीतलं हसू मिशीतच ठेवलं.

"बाहेर आल्यावर म्हणाली, या घरात एक तर ही लोखंडी सवत राहील, नाहीतर मी. हातापाया पडून महिन्याची मुदत मिळवली. म्हटलं, तिच्या शिवणयंत्राच्या दांड्यावर बसणारा छोटा नळीसारखा बुश असा मापात काढून देईन की ती विरघळेल. तो काही जमला नाही. म्हणून तुमच्याकडे धावत आलो. विसाव्याचं गुपित सांगा."

उस्ताद लेथकडे वळले. त्यांनी मशीन चालू केलं, एक कट घेतला आणि बंद केलं. मास्तरांची नजर घड्याळावर. पण उस्ताद छताकडे बघत होते. चार, पाच, सहा...

वरून आवाज आला. ठक ठक.

"आई," उस्ताद म्हणाले. "वरच्या खोलीत असते. पाय थकलेत, काठी मात्र ठणठणीत आहे. एकदा ठोकलं की पाणी. दोनदा म्हणजे वर ये. तीनदा म्हणजे, कधीची ठोकतेय, बहिरा झालास का! लेथ चालू असला की काही ऐकू येत नाही. म्हणून थांबतो."

मास्तरांचा चेहरा पडला. "मग लोखंडाचं काय?"

"आठ सेकंदांत लोखंड कसलं गार होतंय, मास्तर!"

"पण मग तेवढा भाग व्हिडिओतून कापला का नाहीत?"

"कापायला येतंय कुणाला? भाचीने दाखवलेलं एक बटण दाबतो, झालं."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. त्यांना धीर द्यावा म्हणून उस्तादांनी वही हातात घेतली, पानं चाळली.

"हा शेवटचा रकाना कसला? व्यत्यय?"

"तो सोडा हो. विसाव्यात आलेले अडथळे. आमची ही नेमकी मध्येच हाक मारते. मीठ संपलं. दूधवाला आलाय. मांजर माळ्यावर चढलंय. ओ द्यावी लागते, मोजणी चुकते."

उस्तादांचं बोट रकान्यावरून खाली सरकू लागलं. पहिल्या आठवड्यात दोन हाका. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात एकवीस. चौथ्यात रकाना अपुरा पडून समासात लिहिलेलं.

"मास्तर," वही मिटून त्यांच्या हातात देत ते म्हणाले, "शाळेत गणित खरंच तुम्हीच शिकवता ना?"

"हो. का?"

"मग पाचच्या आत घरी जा."

वरून ठक ठक ठक झालं, तसे उस्ताद "आलो, आलो!" करत जिन्याकडे पळाले.

मास्तर घरी पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. फाटकाशी टेम्पोच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. आत आलेल्या, आणि तशाच वळून परत गेलेल्या. ते धावत शेडमध्ये गेले. लेथ जागच्या जागी होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही.

त्यांनी शिवणयंत्राचा बुश लेथच्या पकडीत धरला. एक कट घेतला आणि मशीन बंद केलं. वही काही उघडली नाही. एक, दोन, तीन...

"अहो!"

"ओ!"

"काही नाही. चालू द्या तुमचं."